पॅडल फिरवून बोटं दुखली, लॉक कुठंय?

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात फायबर लेसरबद्दल थोडं लिहिलं होतं, काचेच्या तारेच्या रिंगमधे फेम्टोसेकंदाच्या (नॅनोसेकंदाचाही दहा लाखावा भाग) पल्स कशा तयार होतात त्यावर, आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की प्रकाश स्वतःच्या जोरावर स्वतःचं पोलरायझेशन, म्हणजे लहर डोलायची दिशा, वळवतो आणि त्यातूनच पल्स निवडली जाते. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. मी आता वेंगुर्ल्याला घरी असते पण ह्या रिंगा जोडण्यात माझी बरीच वर्षं गेलीत आणि हा विषय निघाला की मला थांबवत नाही, तर उत्तरं लांबलीत हे आधीच सांगते.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, अलिबागजवळ खारेपाटात राहतो. मोड लॉकिंग म्हणजे कुलूप नक्की कशाला लावतात? आणि 'पॅसिव्ह' कशासाठी म्हणायचं?

उत्तर: सर, समजा १० मीटर फायबरची रिंग आहे. प्रकाशाला एक फेरी मारायला साधारण ५० नॅनोसेकंद लागतात. आता ह्या रिंगमधे कुठलीही लहर टिकत नाही, एका फेरीत जिच्या लाटा पूर्ण आकड्यात बसतात तीच टिकते, अशा प्रत्येक लहरीला मोड म्हणायचं आणि दोन शेजारच्या मोडमधे अंतर सुमारे २० मेगाहर्ट्झ. एर्बियम घातलेलं फायबर १५५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश वाढवतं आणि तो पट्टा इतका रुंद असतो की त्यात असे लाखभर मोड आरामात मावतात. हे सगळे एकाच वेळी चालू, पण प्रत्येकाचा ताल वेगळा, त्यामुळे बाहेर येतो तो नुसता गोंगाट.

रापण ओढताना बघितली असेल तुम्ही. किनाऱ्यावर दोन रांगा, दोरी हातात, आणि प्रत्येकजण आपापल्या वेळेला ओढायला लागला तर जाळं जागचं हलत नाही, पण सगळ्यांचा जोर एका क्षणाला पडला की तेवढ्याच माणसांत जाळं सरसर वाळूवर येतं. मोडांचंही असंच. सगळ्यांच्या लहरींचे माथे एका जागी, एका क्षणाला जुळले की तिथे उंच टोकदार पल्स उभी राहते आणि बाकीच्या वेळात त्या एकमेकींना मारून टाकतात. ही जुळणी टिकवून धरायची म्हणजे लॉक. ३०० फेम्टोसेकंदाच्या एका पल्ससाठी पन्नास हजारांहून जास्त मोड एका तालात लागतात. पल्स किती छोटी? तेवढ्या वेळात प्रकाश हवेतसुद्धा ०.०९ मिलिमीटर जातो, केसाच्या जाडीएवढा फक्त.

आता ताल देणार कोण. रापणीत कोणीतरी हाळी देतो, तसं लेसरमधे बाहेरून विजेच्या सिग्नलवर उघडझाप करणारा मॉड्युलेटर बसवता येतो, ते झालं ॲक्टिव्ह. पण बाहेरचं इलेक्ट्रॉनिक्स कितीही भारी आणलं तरी फेम्टोसेकंदात दार उघडून बंद करणं त्याला जमत नाही. पॅसिव्हसाठी तुमच्या खारेपाटातलंच उदाहरण देते. खारबंदिस्तीला, म्हणजे समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, उघाडी असते, तिची झडप कोणी माणूस उघडत नाही, ओहोटीला आतलं पाणी चढं झालं की तेच झडप ढकलून बाहेर पडतं आणि भरतीला समुद्राचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. पाण्याचा जोरच दार चालवतो. पॅसिव्ह मोड लॉकिंगमधे प्रकाशाचा जोर दार चालवतो, जिथे तीव्रता जास्त तिथे वाट मोकळी आणि जिथे कमी तिथे अडवणूक, आणि हे दार प्रकाशाइतकंच चपळ असतं कारण ते प्रकाशानेच उघडलेलं असतं.

प्रश्न: ताई, मी रत्नागिरीची, सध्या घाटावर एका लॅबमधे एमएस्सीचं प्रोजेक्ट करतेय. एर्बियम रिंग लावलीय, आयसोलेटर (प्रकाशाला एकाच बाजूने जाऊ देणारा भाग) पोलरायझेशन-डिपेंडंट आहे, दोन बाजूंना तीन-तीन पॅडलचे (पोलरायझेशन बदलायचे फायबरचे फिरते वेढे) कंट्रोलर आहेत. कधी दहा मिनिटांत पल्स येतात, कधी चार चार दिवस नाहीत. काल ज्या आकड्यांवर लॉक झालं त्याच आकड्यांवर आज काहीच नाही. सर म्हणतात फिरवत रहा. हे नशिबावरच असतं का?

उत्तर: नशिबाचा काही संबंध नाही गं. पण आत काय चाललंय ते डोळ्यापुढे असल्याशिवाय फिरवत बसलीस तर नशिबासारखंच वाटणार, म्हणून जरा सावकाश सांगते.

एक दोरी खांबाला बांध आणि हलव. वरखाली हलवलीस तर लाट एका रेषेत, हात गोल फिरवलास तर दोरी गोल फिरते, आणि हात लांबट गोल फिरवलास तर मधलं, म्हणजे लंबवर्तुळ. प्रकाशाचं पोलरायझेशन ह्या तिन्ही तऱ्हांचं असतं. आता हे लंबवर्तुळ म्हणजे दोन गोल फिरणाऱ्या लहरींची बेरीज, एक उजवीकडे फिरणारी, एक डावीकडे, आणि दोघींची ताकद सारखी नाही. फायबरमधे तीव्रता वाढली की काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो, तो कर इफेक्ट तुला माहीतच आहे, पण इथे खुबी अशी की प्रत्येक गोल लहरीला स्वतःच्या जोरापेक्षा दुसरीच्या जोराने दुप्पट उशीर होतो. मग दुबळी लहर जास्त मागे पडते, जोरदार कमी मागे पडते, आणि दोघींत असा फरक पडला की लंबवर्तुळाचा आकार तोच राहतो पण त्याचा लांब अक्ष वळतो. जेवढी तीव्रता जास्त तेवढं वळण जास्त. एवढ्यावर तुझं सगळं प्रोजेक्ट उभं आहे.

आणि एक गोष्ट वहीत लाल पेनने लिही. प्रकाश अगदी सरळ रेषेत पोलराइज्ड असेल तर उजवी आणि डावी समसमान, दोघींना सारखाच उशीर, वळण शून्य. पल्सचा माथा कितीही उंच असू दे, काही होणार नाही. तुझ्या आयसोलेटरमधेच पोलरायझर आहे, एकाच दिशेने डोलणारा प्रकाश सोडणारी फट म्हण, आणि त्यातून बाहेर येणारा प्रकाश तर रेषेतलाच असतो, म्हणून आयसोलेटरनंतरच्या कंट्रोलरचं काम त्याला लंबवर्तुळ बनवायचं, आणि आयसोलेटरच्या आधीच्या कंट्रोलरचं काम वळून आलेलं लंबवर्तुळ असं बसवायचं की माथ्याचा प्रकाश पोलरायझरच्या फटीशी जुळेल आणि पल्सच्या दोन्ही बाजूंचा कमजोर प्रकाश आडवा पडून अडकेल. प्रत्येक फेरीत माथा सुटतो, कडा छाटल्या जातात, परत एर्बियममधे वाढ, परत छाटणी, सेकंदाला दोन कोटी फेऱ्या.

हे वळण किती? तुझ्या रिंगमधे सरासरी ४ मिलीवॅट फिरत असतील आणि पल्स ३०० फेम्टोसेकंदाची असेल तर माथ्यावर जवळजवळ ६०० वॅट होतात. तेवढ्याने काचेचा अपवर्तनांक बदलतो तो एक कोटीत दोन भाग. काहीच नाही वाटतं ना, पण तो फरक १० मीटरभर साठत जातो आणि शेवटी एका तरंगलांबीहून जास्त होतो, त्यातला काही हिस्सा वळणात उतरला तरी पोलरायझरला तो ठळक दिसतो. म्हणूनच रिंग फार आखूड केली की लॉक करणं जड जातं.

मुळात हा परिणाम लेसरसाठी कोणी शोधायला गेलं नव्हतं. १९६४ साली फोर्ड कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत मेकर, टेरह्यून आणि सॅव्हेज ह्यांनी द्रवांमधे लंबवर्तुळ वळताना बघितलं. मग १९८२ मधे बेल लॅब्जमधल्या स्टोलन, बोटिनो आणि ॲश्किन ह्यांनी दाखवलं की फायबरमधे ह्याच गोष्टीने जोरदार आणि कमजोर प्रकाश वेगळा काढता येतो. ते ॲश्किन म्हणजे ज्यांना २०१८ चं नोबेल ऑप्टिकल ट्वीझर्ससाठी मिळालं तेच. एर्बियमच्या रिंगा ह्यावर चालायला लागल्या त्या १९९२ च्या सुमारास, आणि १९९३ मधे एमआयटीत तामुरा, इप्पेन, हाउस वगैरे मंडळींनी रिंगमधे उलट्यासुलट्या डिस्पर्शनचं (वेगवेगळ्या तरंगलांब्यांना वेगळा वेग देण्याचा गुण) फायबर जोडून ७७ फेम्टोसेकंदापर्यंत मजल मारली.

आता तुझे कालचे आकडे आज का चालत नाहीत. पॅडल म्हणजे काय तर फायबरचे वेढे, वाकवल्यामुळे काचेवर ताण येतो आणि दोन दिशांना प्रकाशाचा वेग थोडा वेगळा होतो, बाजूच्या दोन पॅडलमधे पाव तरंगाएवढा फरक आणि मधल्यात दुप्पट वेढे म्हणून अर्धा. पण असाच ताण बाकीच्या फायबरमधेही आहे, टेबलावर जिथे वळलंय तिथे, टेपखाली दाबलंय तिथे, पीळ बसलाय तिथे. पॅडल ह्या सगळ्याची बेरीज सावरून घेतात. कोणी ड्रॉवर ओढला, फायबर दोन बोटं सरकलं, एसी लागला, की ती बेरीज बदलली, आणि तुझ्या पॅडलचे आकडे कालच्या बेरजेचे होते. आकडे चुकीचे नाहीत, रिंग तीच राहिलेली नाही.

माझंही झालंय हे. पहिली रिंग एका लॅबमधे लावली होती, तीन आठवडे नुसती जाड पुसट रेघ स्कोपवर (सिग्नल वेळेनुसार दाखवणारा पडदा), आणि एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मधलं पॅडल नखाने अगदी दाण्याएवढं ढकललं आणि ती रेघ एकदम फाटून कंगव्यासारखे दात उभे राहिले, ५० नॅनोसेकंदाला एक, सगळे एका उंचीचे. शेजारी तरंगलांब्या दाखवणाऱ्या स्पेक्ट्रमवर सुईसारखी टोकदार रेघ होती तिची पसरून टेकडी झाली आणि टेकडीच्या दोन्ही उतारांवर कानासारखी छोटी टोकं. मी श्वास धरून बसले होते, टेबलाला हात लावायची भीती. सकाळी सहकाऱ्याने एसी लावला आणि वाऱ्याची झुळूक बरोबर फायबरच्या मोकळ्या वेढ्यावर, लॉक गेलं. मी त्या दिवशी रडले होते खरंच. नंतर सगळं फायबर फोमच्या चौकटीत बसवून वर झाकण घातलं, मग तेच लॉक दिवसचे दिवस टिकायला लागलं.

तर तू आधी ते कर, पॅडल सोडून बाकी सगळं फायबर टेबलाला चिकटव, पण घट्ट दाबू नको, आणि वर खोका घाल. मग पंप, म्हणजे एर्बियमला ऊर्जा देणारा लेसर, चांगला वर ने, कारण लॉक सुरू व्हायला जेवढा पंप लागतो त्याहून कमीत ते नंतर टिकतं. स्कोप आणि स्पेक्ट्रम दोन्ही समोर ठेव, नुसत्या स्कोपवर विसंबू नको. एका वेळी एकच पॅडल, हळू, आणि स्पेक्ट्रममधली सुई जिथे थरथरायला लागते, उड्या मारते, तिथे थांब, तिथेच आसपास आहे ते, तिथे आकडेवारी सोडून नखाने काम कर. कधी कधी जागा बरोबर असते आणि पल्स तरी सुरू होत नाही, मग पॅडलला टिचकी मार, त्या धक्क्याने जो चढउतार होतो त्यातलं एखादं टोक मोठं होतं आणि लॉक धरतं. धरलं की पंप कमी करत ये, नाहीतर एका फेरीत दोन-तीन पल्स फिरायला लागतात. ह्या रिंगमधे सॉलिटॉन, म्हणजे पसरून न जाता आकार टिकवणारी पल्स, असतो ना, त्याच्या ऊर्जेला मर्यादा आहे, जास्तीची ऊर्जा दिली की तो जाड होत नाही, त्याला भाऊ होतो.

स्पेक्ट्रमवरचे ते कान म्हणजे केली साइडबँड, बघून घाबरू नको, सॉलिटॉन प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा सांडतो त्याची खूण आहे, १९९२ मधे केलीने त्याचं गणित मांडलं म्हणून ते नाव. पण टेकडीच्या डोक्यावर बारीक सुई शिल्लक असेल तर लॉकबरोबर साधा सलग प्रकाशही चालू आहे, अजून थोडं फिरव. आणि स्कोपवर दातांची उंची लाटेसारखी वरखाली होत असेल तर ते क्यू-स्विचिंग (ऊर्जा साठून झटक्यात सुटणं) मिसळलंय, त्यात फार वेळ ठेवू नको, माथे इतके उंच जातात की पार्ट जळू शकतात. आणखी एक, फोटोडायोडवर पल्स शंभर-दोनशे पिकोसेकंदाची दिसली म्हणून निराश होऊ नको, ती डायोडची गती आहे, पल्सची नाही. खरी लांबी पल्स स्वतःशीच ताडून मोजणाऱ्या ऑटोकोरिलेटरवरच कळते. सरांना सांग की फिरवत रहा हे बरोबर आहे पण बघत फिरव.

प्रश्न: मी मालवणात इंटरनेटच्या फायबरचं स्प्लायसिंग (जोडकाम) करतो. तुम्ही म्हणता तेच फायबर आणि तेच वळण, मग आमच्या लाइनीत पोलरायझेशन वळून नेट का बंद पडत नाही? वारा तर आमच्या केबलला रात्रंदिवस हलवतो.

उत्तर: दादा, फार चांगला प्रश्न. फायबर खरंच तेच, आठ-नऊ मायक्रॉनचा गाभा आणि १२५ मायक्रॉनची काच, तुमच्या स्प्लायसरच्या स्क्रीनवर दिसते तीच. आणि तुमच्या लाइनीतही पोलरायझेशन सतत फिरत असतं, वाऱ्याने, उन्हाने, खांबावरच्या हिसक्याने. पण घरच्या कनेक्शनमधे पलीकडचा डायोड फक्त प्रकाश आहे की नाही एवढंच मोजतो, तो कुठल्या दिशेने डोलतोय ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वाटेत पोलरायझर नाही म्हणून त्रास नाही. लांब पल्ल्याच्या आणि समुद्राखालच्या नव्या लाइनी मात्र पोलरायझेशनवरही डेटा चढवतात, तिथे रिसीव्हरमधली चिप हे फिरणं सतत मोजून परत उलटं फिरवत असते. शिवाय तुमच्या लाइनीतला प्रकाश मिलीवॅटच्या घरातला आणि पसरलेला, तीव्रतेने होणारं वळण हे शेकडो वॅटच्या माथ्यांचं काम.

एक नातं अजून आहे. समुद्राखालच्या केबलमधे ठराविक अंतरावर प्रकाश वाढवणारं एर्बियम फायबर बसवलेलं असतं, १९८७ मधे साउथॅम्प्टनच्या पेन ह्यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमधे ते ॲम्प्लिफायर म्हणून दाखवलं गेलं. टेलिकॉमसाठी पंप, कपलर, आयसोलेटर सगळं स्वस्त आणि मुबलक झालं आणि त्याच सुट्या भागांतून आम्ही रिंगा जोडल्या. आणि तुमच्या हाताची सवय, ट्रेमधे फायबर गुंडाळताना पीळ पडू न देणं, ती आमच्या लॅबमधल्या कित्येक पीएचडीवाल्यांना नसते. पिळाने तुमचा सिग्नल जात नाही पण आमचं लॉक जातं.

प्रश्न: आम्ही चिपळूणजवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजातली चार मुलं. सहा महिने झाले, रिंग लेझ करते (लेसर प्रकाश देते), पॉवर मस्त येते पण पल्स एकदाही नाही. आयसोलेटर पोलरायझेशन-इंडिपेंडंट घेतला कारण त्यात लॉस कमी असतो. ह्यापेक्षा दुसरी सोपी पद्धत घ्यावी का?

उत्तर: तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. इंडिपेंडंट आयसोलेटर सगळ्या दिशांचा प्रकाश सारखाच सोडतो, म्हणजे तुमच्या रिंगमधे पोलरायझरच नाही. लंबवर्तुळ वळतंय पण ते बघून निवड करणारं कोणी नाही, मग माथा आणि कड दोन्ही सारखेच पुढे जातात. एक इनलाइन पोलरायझर आयसोलेटरशेजारी जोडा, त्याच्या दोन्ही बाजूंना कंट्रोलर ठेवा, आयसोलेटर बदलायची गरज नाही. सहा महिने वाया गेले असं समजू नका, स्प्लाइस आणि अलाइनमेंट झालंय ते कामाला येणार.

दुसऱ्या पद्धती आहेत. उर्सुला केलर ह्यांनी १९९२ मधे सेमीकंडक्टरचा सॅच्युरेबल आरसा आणला, त्याला सेसॅम म्हणतात, तो लावला की पॅडलची कटकट नाही पण तो विकत घ्यावा लागतो आणि जास्त ऊर्जेने खराब होऊ शकतो. कारखान्यात किंवा हॉस्पिटलमधे जे लेसर वर्षानुवर्षं बटण दाबून चालायला हवेत त्यात पोलरायझेशन धरून ठेवणारं पीएम फायबर आणि असा आरसा किंवा फायबरचाच लूप वापरण्याकडे कल असतो, आणि ते योग्यच आहे. पण शिकायचं असेल तर मी वळणाचीच पद्धत सांगेन, वेगळा कुठलाही महागडा पार्ट लागत नाही, तुमचं साधं फायबरच स्विच आहे. आणि ९८० नॅनोमीटरचा पंप डोळ्याला दिसत नाही हे विसरू नका मुलांनो, उघड्या फायबरच्या टोकाकडे कधीही बघायचं नाही, चष्मे घालायचेच.

प्रश्न: मी देवगडला नववीत आहे. हे वळण वगैरे घरी बघता येईल का?

उत्तर: तीव्रतेने होणारं वळण घरी नाही दिसणार बाळा, पण पॅडल काय करतात ते नक्की दिसेल. लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन लाव, एलसीडी स्क्रीनचा प्रकाश पोलराइज्डच असतो. होडीवर जाणारे काका-मामा पाण्याची चमक कमी करायला पोलराइज्ड गॉगल घालतात ना, तो मागून आण. गॉगल डोळ्यासमोर धरून सावकाश फिरव, एका कोनात स्क्रीन काळी पडेल. न पडली तर गॉगल साधा आहे, दुसरा बघ. आता काळ्या स्क्रीनसमोर कंपासपेटीतली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धर. काळ्यात पट्टी उजळेल आणि तिच्यात रंगांचे पट्टे दिसतील, बनवताना प्लास्टिकमधे राहिलेला ताण आहे तो. मग पट्टीची दोन्ही टोकं धरून ती हळूच वाकव, तुटेल इतकी नाही, आणि रंग कुठून कुठे सरकतात ते वहीत काढून मला पाठव.